घर बघायला माणसं येतात तेव्हा

खर्ड्यासारख्या गावात घर विकायला निघालं, की दारावर पाटी लागत नाही. चहाच्या हॉटेलात कुणीतरी विषय काढतं, दुसरा कुणीतरी तो घरी नेतो आणि दोन दिवसांत ही बातमी जामखेड, भूम, पाटोदा करत पुण्यातल्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पोचते. मग एके सकाळी दारात गाडी उभी राहते. गाडीतून एकटा घेणारा उतरत नाही. त्याची आई असते, बायको असते, एखादा मेहुणा असतो, ओळखीचा गवंडी असतो आणि सगळ्यांच्या पुढे गावातला मध्यस्थ. ही मंडळी अर्धा-पाऊण तास घरात फिरतात, चहा घेतात, ‘कळवतो’ म्हणतात आणि निघून जातात. व्यवहार होणार की नाही, झाला तर कुठल्या आकड्यावर, याचा निम्मा निकाल त्या पाऊण तासात लागलेला असतो.

तो पाऊण तास येण्याआधी घरमालकाने काय करून ठेवावं, हा या प्रकरणाचा विषय आहे. शहरातल्या फ्लॅटविषयी या बाबतीत पुष्कळ लिहिलं जातं: पडदे कुठले लावावे, सोफा कुठे ठेवावा, फोटो कसे काढावे. गावातल्या जुन्या घराबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. खरं तर सल्ल्याची गरज तिथेच जास्त आहे, कारण ते घर बहुतेक वेळा काही वर्षं बंद असतं, मालक बाहेरगावी असतो आणि कागद कुठल्यातरी लोखंडी पेटीच्या तळाशी असतात.

खर्डा अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जामखेड तालुक्यात, बालाघाटाच्या अंगाला आहे. एका बाजूला बीड जिल्हा, दुसऱ्या बाजूला धाराशिव. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. अठराव्या शतकात हे गाव निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर सरदारांकडे होतं. घडीव दगडातला इथला भुईकोट त्यांनीच बांधला. गावाच्या मध्यभागी त्यांचा वाडाही होता. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये या वाड्याचा उल्लेख ‘देखणा पण आता मोडकळीला आलेला’ अशा अर्थाने येतो. किल्ला उभा राहिला आणि वाडा ढासळला, यात एक साधं कारण आहे. किल्ल्याची भिंत दगडाची असते, तिला माणूस नसला तरी चालतं. घराला मात्र माणूस लागतो. लाकूड, माती आणि चुना यांचं घर दरवर्षी हात मागतं, आणि तो हात दोन-तीन पावसाळे मिळाला नाही तर ते वरून खाली उतरायला लागतं.

म्हणून सुरुवात वरूनच करायची. या भागातलं जुनं घर म्हणजे बहुधा माळवदाचं घर. जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर सर, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हा थर पन्हाळीकडे उतार देऊन दाबलेला असतो. उन्हाळ्यात आतला गारवा टिकतो तो याच थरामुळे. पूर्वी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर चढून भेगा बुजवायच्या, नवी माती टाकायची, चोपायची आणि पन्हाळी मोकळ्या करायच्या, हे घराघरातलं काम होतं. बंद घरात ते होत नाही. माळवदावर गवत उगवतं, गवताच्या मुळांनी माती भुसभुशीत होते, पाणी थेट किलचणीपर्यंत उतरतं. आत तुळईवर काळपट ओघळ दिसू लागतात. घेणाऱ्याबरोबर आलेला गवंडी दारातून आत शिरल्यावर सगळ्यात आधी मान वर करून तेच ओघळ शोधतो. भिंतींचा रंग तो नंतर बघतो.

हातात खर्चायला ठरावीकच पैसा असेल, आणि बहुतेकांकडे तेवढाच असतो, तर तो आधी छतावर घालावा. गवत मुळासकट काढून, माती बदलून, पन्हाळी साफ करून एक पाऊस जाऊ द्यावा आणि कुठे गळतं ते बघावं. वर पत्रे टाकलेले असतील तर गंजलेले खिळे, हललेले हूक आणि पत्रा जिथे भिंतीला टेकतो ती फट तपासावी. स्लॅबचं घर असेल तर कोबा कुठे फुटलाय ते पाहावं. छत कोरडं असलेलं साधं घर विकलं जातं. गळणारं घर कितीही सजवलं तरी पहिल्या पावसात त्याची बोलणी मोडतात.

छतानंतर लाकूड. तुळई आणि खांबांवर बोटाच्या पेराने ठकठक करत जावं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आतून वाळवीने खाल्लेलं आहे. खांब जिथे दगडी तळखड्यावर टेकतो तिथे आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे वाळवीचे मातीचे बारीक बोगदे दिसतात. चौकटीच्या मागेही ती असते. आधी वाळवीचं औषध, मग खराब झालेला तुकडा बदलणं आणि त्यानंतर तेलपाणी, हा क्रम उलटा करू नये. जुन्या सागवानाला जवसाच्या तेलाचा हात दिला की पन्नास वर्षांची धूळ उतरून आतला रंग वर येतो. हे काम स्वस्त आहे आणि घराचं रूप त्याने जेवढं बदलतं तेवढं महागड्या रंगानेही बदलत नाही. एक कळकळीची विनंती: घर विकायचंच आहे म्हणून कोरीव चौकट, नक्षीचे खांब किंवा दिंडी दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आधीच देऊन टाकू नका. चौकट काढलेल्या घराला घेणारा नुसत्या जागेचा भाव सांगतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

भिंतींच्या बाबतीत अलीकडे एक चूक सर्रास होते. जुन्या दगडमातीच्या भिंतीला ओल दिसली, की तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारायचा आणि वरून ऑइल पेंट लावायचा. महिनाभर भिंत छान दिसते. जोत्यातून चढलेली ओल मात्र आतच राहते, कारण सिमेंट आणि तेलरंग तिला बाहेर पडू देत नाहीत. ती वर वर सरकत जाते, क्षार घेऊन येते आणि भिंतीला लोणा धरतो. पुढच्या वर्षी गिलाव्याचे पोपडे निघतात. जुन्या लोकांनी चुना वापरला त्यामागे नुसती काटकसर नव्हती. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, पण त्याचा थर ओलाव्याची वाफ अडवत नाही. ताज्या चुन्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीलाही तिथे रुजणं अवघड जातं. म्हणून माती-दगडाच्या भिंतीला आधी जोत्यालगतचा मातीचा ढीग, सांडपाण्याची गटार आणि अंगणाचा उलटा उतार दुरुस्त करावा, भिंत वाळू द्यावी आणि मग चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली की रंग हाताला लागत नाही आणि पांढरेपणा खुलतो.

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. घर तयार करणं आणि घराचे दोष झाकणं यांत फरक आहे, आणि तो फरक घेणाऱ्याला आपल्या अंदाजापेक्षा लवकर कळतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्याला जे नोबेल मिळालं त्याच्या मुळाशी हाच निबंध होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तूचे दोष विकणाऱ्याला माहीत आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशी स्थिती असेल तर घेणारा प्रत्येक वस्तू दोषी धरूनच भाव करतो. मग चांगल्या वस्तूच्या मालकालाही तिचा रास्त भाव मिळत नाही. जुन्या घरांचा बाजार नेमका तसाच आहे. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्या तीन भिंती जुन्या असल्या, की घेणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते: इथे काहीतरी दाबलंय. तो ते बोलून दाखवत नाही. फक्त मनातला आकडा कमी करतो.

यावर उपाय एकच, आणि तो उपदेश म्हणून सांगत नाही, व्यवहार म्हणून सांगतो. भेग असेल तर दाखवा. ती कधी पडली, वाढते आहे की थांबली आहे, गवंड्याने काय सांगितलं आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, हे सगळं आपणहून सांगा. ज्याने भेग दाखवली त्याच्या ‘पाणी बारा महिने येतं’ या वाक्यावरही विश्वास बसतो. कायदाही हेच मागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेत किंवा मालकीहक्कात असलेला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या खबरदारीने सापडणार नाही, तो उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

घर विकण्यापूर्वी ते सजवून दाखवण्याचा व्यवसाय अमेरिकेत १९७० च्या दशकात आकाराला आला. सिएटलच्या परिसरात घरविक्रीत काम करणाऱ्या बार्ब श्वार्ट्झ या बाईंचं नाव त्याच्या सुरुवातीशी जोडलं जातं. आज तिकडे त्यासाठी भाड्याने फर्निचर आणि भिंतीवरची चित्रं मिळतात. ती पद्धत जशीच्या तशी खर्ड्यात आणण्यात अर्थ नाही, पण तिच्या बुडाशी असलेला एक विचार इथेही खरा आहे: बघणाऱ्याला त्या घरात आपला संसार दिसला पाहिजे, तुमचा नव्हे.

आपल्याकडे या कामाची सुरुवात देवघरापासून होते. कुळाचे टाक, देव्हारा, भिंतीवर हार घातलेले आजोबा-पणजोबांचे फोटो हे सगळं घर दाखवण्याआधी सन्मानाने हलवावं. अनेक घरांत ‘व्यवहार झाल्यावर नेऊ’ म्हणून ते तसंच राहतं. घ्यायला आलेल्या बाईला मात्र दुसऱ्यांचे देव आणि दुसऱ्यांची गेलेली माणसं बघून अवघडल्यासारखं होतं. ती त्या खोलीत रेंगाळत नाही, आणि देवघर तर बहुधा माजघराशेजारीच, घराच्या मध्यात असतं. म्हणजे घराचा सगळ्यात चांगला भाग न बघताच ती बाहेर पडते. देव हलवायचे तर घरातल्या थोरल्यांना विचारून, भावंडांना बोलावून, नैवेद्य दाखवून हलवावेत. त्याचा आणखी एक उपयोग होतो. घर विकायचं हे सगळ्या भावंडांनी मनाने मान्य केलंय की नाही, ते त्या दिवशी कळतं.

मग बळद, कणगी, माळा रिकामा करायचा. बंद घरात फुटकी घागर, कडबा कापायचं जुनं यंत्र, खुर्चीचा सांगाडा, खताच्या रिकाम्या गोण्या असं बरंच साठलेलं असतं. खोलीतलं सामान निम्मं झालं की खोली मोठी वाटते, हे खरंच आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोपरे दिसतात, आणि कोपरा दिसला की घेणाऱ्याची शंका फिटते. जातं, पाटा-वरवंटा, लाकडी पेटी यांतलं काय घराबरोबर देणार आणि काय नेणार, हे आधीच ठरवून लिहून ठेवावं. लाखांचा व्यवहार एका पितळी हंड्यावरून बिनसल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील.

वासाचंही तेच. माणसाच्या नाकाला सततच्या वासाची काही मिनिटांत सवय होते आणि मग तो जाणवेनासा होतो. त्यामुळे आपल्या घराला कसला वास येतो हे आपल्याला कधीच कळत नाही. पारव्यांची विष्ठा, उंदीर, ओल धरलेल्या गोधड्या, तुंबलेली मोरी. बाहेरच्या कुणाला तरी घरात आणून स्पष्ट विचारावं. उदबत्ती लावून वास झाकण्यापेक्षा आठवडाभर दारं-खिडक्या उघडी ठेवावीत, मोरी धुवावी, शहाबादी फरशी सोड्याने घासावी आणि मातीची जमीन असेल तर शेणाने सारवावी. नुकतंच सारवलेलं अंगण आणि उंबऱ्याबाहेर रांगोळी, यापुढे खर्ड्यातल्या घराला दुसरी सजावट लागत नाही.

उजेडाचा प्रश्न जुन्या घरात असतोच. जाड भिंती आणि लहान खिडक्यांमुळे माजघर भर दुपारी अंधारं असतं. धूर जायला आणि उजेड यायला माळवदात ठेवलेलं साणं पुष्कळांनी फरशी ठेवून बुजवलंय. ते उघडून वर काच बसवली, की घराच्या मध्यभागी उन्हाचा पट्टा उतरतो. वीजजोडणी तोडली असेल तर ती घर दाखवण्याआधीच सुरू करून घ्यावी. मोबाइलच्या टॉर्चवर दाखवलेलं घर लोकांच्या मनात तसंच, अंधारं, राहतं.

आता घराबाहेर. जामखेड तालुका पर्जन्यछायेतला आहे, त्यामुळे इथे पाण्याबद्दल विचारणारा माणूस वरवर विचारत नाही. नळ किती दिवसांनी येतो, साठवायला हौद आहे का, बोअर आहे तर मे महिन्यात चालतो का? यांची उत्तरं जशी असतील तशी द्यावीत. हौद असेल तर घासून, भरून ठेवावा. गाडी दारापर्यंत येते का, ट्रॅक्टर वळतो का, सांडपाणी कुठे जातं, हेही विचारलं जाणारच.

आणि शेजारी. गावात घर बघायला आलेली मंडळी जाताना किंवा दोन दिवसांनी पुन्हा येऊन शेजारच्या ओट्यावर टेकतात. तुमच्या घराबद्दलचं शेवटचं मत तिथे तयार होतं. सामाईक भिंत कोणाची, तुमच्या पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, बोळ कोणाचा, असे वाद वर्षानुवर्षं भिजत पडलेले असतील तर ते विक्रीपूर्वी बसून मिटवा. जमलं तर दोघांच्या सह्यांचा कागद करा. पन्हाळीचं तोंड दोन फूट फिरवल्याने भांडण मिटणार असेल, तर त्या दोन फुटांची किंमत रंगकामाहून कितीतरी जास्त आहे. शिवाय पहिला घेणारा शेजारीच असू शकतो. बाहेरच्याला सांगण्याआधी त्याला विचारावं. ही रीतही आहे आणि फायद्याचंही.

कागदांना मी सगळ्यात जास्त जागा देतो आहे, कारण गावातले बहुतेक व्यवहार तिथेच अडतात. गावठाणातल्या घराच्या मालकाला विचारलं की तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढे करतो. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. घरपट्टी कोण भरतं हे त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. राज्यातल्या अनेक गावठाणांची मोजणीच पूर्वी कधी झालेली नव्हती, म्हणून लोकांकडे दुसरा कागद नव्हता. ती उणीव भरण्यासाठी ड्रोनने गावठाणं मोजण्याचं काम हाती घेतलं गेलं. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात, वरून छायाचित्रं घेतात, मग चौकशी होऊन मिळकत पत्रिका तयार होते. आपल्या घराची पत्रिका निघाली आहे का, तिच्यावर नाव कोणाचं आहे आणि क्षेत्रफळ बरोबर आहे का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन बघणं ही घर विकण्याची पहिली पायरी आहे. चुन्याचा डबा त्यानंतर आणावा.

पत्रिकेवर किंवा उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करावी लागते. इथे बहिणींचा विषय येतो, आणि तो टाळून चालत नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने हक्क दिला. हिंदू उत्तराधिकार कायद्यात देशभरासाठी झालेली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या तारखेला वडील हयात असणं आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. ‘बहिणी काही मागत नाहीत’ हे वाक्य घरात चालतं, खरेदीखतात चालत नाही. एकतर त्यांची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. आणि सही मागायला जाताना ताईचा वाटा किती होतो हेही तिला प्रामाणिकपणे सांगावं. समजूतदार घेणारा हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो: भावंडं किती, बहिणी किती आणि सगळ्या राजी आहेत ना?

घर पूर्वी कोणाकडून घेतलेलं असेल तर ते कसं घेतलं, तेही बघावं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर चार साक्षीदारांसमोर लिहून घेतलेली घरं गावोगाव आहेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही. नुसता करार आणि मुखत्यारपत्र यांवर मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालात बजावलं आहे. तुमचा कागद असा असेल तर मूळ मालक किंवा त्याचे वारस हयात आणि सलोख्यात आहेत तोवर नोंदणी करून घ्या. पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा फिटलेला असून उतरवायचा राहिला असेल तर तोही उतरवून घ्या. हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवावं: पत्रिका, नमुना ८, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, वारस नोंद, जुनी खरेदीखतं. घर दाखवताना ही फाइल ओसरीवर ठेवली, की बोलणं भावावर लवकर येतं.

भावाबद्दल माणसाचं मन त्याला कसं फसवतं यावर संशोधकांनी भरपूर काम केलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कानमन, नेच आणि थेलर यांनी केलेला प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. मग त्यांच्या हातात येऊन काही मिनिटंच झाली होती! तर ज्या घरात आपला जन्म झाला, लग्नाचा मांडव पडला, त्याची आपण मनात धरलेली किंमत किती फुगलेली असेल? ती किंमत खोटी नाही. ती फक्त घेणाऱ्याने द्यायची नसते.

दुसरा अभ्यास अ‍ॅरिझोनातला, १९८७ चा. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी एकच घर वेगवेगळ्या व्यावसायिक दलालांना दाखवलं, फक्त कागदावरची सांगितलेली किंमत वेगवेगळी ठेवली. ज्यांना जास्त आकडा दिसला त्यांनी घराचं मोलही जास्त केलं, आणि आपण त्या आकड्याकडे पाहिलंच नाही असंही सांगितलं. म्हणजे पहिला आकडा महत्त्वाचा असतो. तरी खर्ड्यासारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येकाला शेजारच्या गल्लीतला व्यवहार माहीत असतो, अवाजवी आकडा सांगितला तर माणसं पुन्हा दारात येत नाहीत आणि घर ‘पडून आहे’ अशी बोलवा होते. गेल्या दोन-तीन वर्षांत गावात झालेल्या व्यवहारांची सरकारी मूल्य दर तक्त्याशी तुलना करावी, दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि थोडी घासाघीस धरून आकडा सांगावा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि तक्त्याची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर बसतं, हे दोन्ही बाजूंना माहीत असलेलं बरं. इसारही बँकेतूनच घ्या. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायदा मनाई करतो, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असतो.

घर कधी दाखवावं? पितृपक्षात आणि पौषात खरेदीची बोलणी करायला लोक सहसा येत नाहीत. दसरा, दिवाळीनंतरचे दिवस, पाडवा, अक्षय्य तृतीया हे खरेदीचे काळ. तरी छताचं काम नीट झालेलं असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. आषाढ-श्रावणात, भर पावसात घर दाखवा. बाहेर पाऊस पडतोय आणि माजघर कोरडं ठणठणीत आहे, एवढं बघितलेला माणूस पुढे छताबद्दल घासाघीस करत नाही. दाखवताना मागे मागे फिरू नये. एकदा घर फिरवून आणावं आणि मग त्या मंडळींना अर्धा तास एकटं सोडावं. त्यांना आपसांत बोलायचं असतं: कपाट कुठे ठेवू, आई कुठल्या खोलीत झोपेल. हे बोलणं सुरू झालं, की बोलणी पुढे जातात.

खर्ड्यात, जामखेडमध्ये किंवा कुठल्याही गावात तुमचं असं घर बंद पडून असेल, तर या पावसाळ्यापूर्वी दोन कामं करा. माळवदावर माणूस चढवून गवत काढून घ्या आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका मागवा. हद्दी, बोळ, विहिरीतला वाटा यांच्या जुन्या गोष्टी ज्यांना माहीत आहेत ती घरातली थोरली माणसं हयात आहेत तोवर त्यांना विचारून सगळं लिहून घ्या. विकायचं की ठेवायचं हे नंतर ठरवलं तरी चालेल, ही दोन कामं दोन्ही वेळा उपयोगी पडतात.